चैत्रातला वेढा

सरांच्या घरी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, खोलीवर कोण कोण येणार हेही विचारलं नाही. तालुक्याच्या गावात एकट्या मुलीला खोली देताना घरमालक जे जे विचारतात त्याची उत्तरं मी एसटीतच जुळवून ठेवली होती. शेवटी म्हणायला एक छोटं भाषणही होतं. सरांनी विचारलं, "पाणी किती दिवसांचं साठवता?"

"बादलीभर."

"आणि धान्य?"

"डबा लावणारे."

सरांनी मान हलवली. "म्हणजे पहिल्याच आठवड्यात शरण जाणार तुम्ही." मग आत वळून म्हणाले, "अहो, देऊ या यांना खोली. धोका नाही काही."

मला फार राग आला. मी तेव्हा एका लहानशा संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती होते. गाव वडूजकडचं, कॉलेज सांगलीत, आणि नेमणूक या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी. त्या गावाचं नाव घेत नाही. तिथल्या नगरपरिषदेबद्दल मी आधीच पुष्कळ छापून ठेवलंय. मी कुणाला शरण जाणार नव्हते. तसं आमच्या पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि ते पत्रक मीच लिहिलं होतं. माझ्या पत्रकांत तेव्हा वाक्यं थोडी आणि उद्गारचिन्हं फार असत. सरांना पहिलं पत्रक दिलं तर त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून विचारलं, "हे एवढे भाले कुणावर रोखलेत?"

सर आता नाहीत, म्हणून लिहायचं धाडस करतेय. असते तर प्रत्येक ओळीखाली पेन्सिलनं 'पुरावा?' लिहून कागद परत आला असता.

ते हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते आणि त्यांना एकाच गोष्टीत रस होता. वेढा. लढाई नाही, राजे नाहीत, राण्या तर नाहीतच. फक्त वेढा, आणि तोही जुना. आमच्याकडं वेढा म्हटलं की माणूस लगेच आपल्या किल्ल्यांवर येतो, छाती फुगवतो. सरांना ते चालायचं नाही. "आपले किल्ले सगळ्यांना पाठ आहेत," ते म्हणायचे. "उरलेल्या जगाकडं बघायला कुणी नको का?" इसवी सन सुरू झालं की त्यांचं मन उडायला लागायचं आणि तोफ आली की ते पुस्तक मिटायचे. तोफेनं भिंत पाडण्यात काय अक्कल, असं त्यांचं मत. कुणी ट्रॉयच्या लाकडी घोड्याचं नाव काढलं तर चहाचा कप खाली ठेवून उठून जायचे.

गच्चीवर गुळाची एक जुनी काहील होती, भलीमोठी पसरट कढई. कुठल्याशा बंद पडलेल्या गुऱ्हाळातून त्यांनी ती बैलगाडीतून आणवली होती. तिच्यात पाणी भरून मधोमध विटांचं बेट केलं होतं. ते टायर, फिनिशियन लोकांचं समुद्रातलं शहर. सिकंदराकडं आरमार धड नव्हतं, म्हणून त्यानं किनाऱ्यावरचं जुनं गाव पाडलं आणि त्याच दगडांनी समुद्रात भर घालत बेटापर्यंत रस्ता नेला. लोक अंघोळ झाली की देवाला फूल वाहतात. सर काहिलीत मूठभर मुरूम टाकायचे. रस्ता बेटाला टेकत आला की वळवाची एक सर यायची आणि सगळं वाहून जायचं. सर खूश. "त्याचाही गेला होता एकदा," असं म्हणून पुन्हा सुरुवात.

काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, पापड वाळवायला तेवढीच गच्ची. त्या म्हणायच्या, "सिकंदर आला आन् गेला. हे काय हलंनात."

रस्त्यानं चालताना सर भिंतींचे थर मोजायचे. बोलता बोलता थांबायचे, ओठ हलायचे, मग पुढं चालू. ही सवय प्लाटियाची, जुन्या ग्रीसमधल्या एका लहानशा शहराची. तिथल्या अडकलेल्या लोकांनी शत्रूनं भोवती बांधलेल्या भिंतीच्या विटांचे थर लांबूनच मोजले आणि त्यावरून पळून जायच्या शिड्यांची उंची ठरवली. "एकट्यानं मोजलं नाही," सर बोट वर करून सांगायचे. "पुष्कळांनी मोजलं, पुन्हा पुन्हा मोजलं. काहींचं चुकणारच. जे उत्तर जास्त जणांचं आलं ते धरलं. तुमच्या बैठकीला मी बसलो होतो परवा. तिथं मोजत कुणीच नव्हतं. सगळे बोलतच होते."

मला ते सेनापती म्हणायचे. कौतुकानं म्हणतात असा माझा बरेच दिवस समज होता.

नगरपरिषदेनं ठराव केला तो इमारतीशेजारच्या जुन्या बाजाराच्या मैदानाबद्दल. मैदान मोटारी लावायला मोकळं करायचं आणि तिथं बसणाऱ्या बायकांना हायवेपलीकडं हलवायचं. कागदावर ते 'सुसज्ज पर्यायी जागा' होतं. मी जाऊन पाहिलं. बाभळी होत्या आणि एक फलक होता.

हौसाक्का त्या मैदानात मेथी विकायची. पहिल्या एसटीनं दोन पाट्या घेऊन यायची आणि लिंबाखाली गोणपाट अंथरायची. ती जागा तिच्या सासूची. सासूनं जाताना गळ्यातलं डोरलं धाकट्या सुनेला दिलं आणि बाजारातली जागा हिला. "त्या बयेनं डोरलं मोडून खाल्लं बी," हौसाक्का सांगायची. "माजी जागा हाय अजून. हायवेच्या पल्याड मेथी घ्यायला कोण येतंय? कुत्रं यील. जागा गेली की मला सुनंच्या हाताकडं बघाय लागंल, बाय. त्यापरास मी मेलेली बरी."

हे ऐकून मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा: नगरपरिषदेला बेमुदत वेढा. पुढं भाले.

सर आधी हरखले. आपल्या हयातीत आपल्या गावात कुणी वेढा घालेल अशी त्यांना आशा नव्हती. मग त्यांनी पत्रक दुसऱ्यांदा वाचलं. "बेमुदत? ज्याच्याकडं रसद नाही तोच बेमुदत म्हणतो. तुमची रसद कुठंय?"

"लोकांचा निर्धार हीच आमची रसद," मी म्हणाले. हे वाक्य माझ्याकडं तयार असायचं.

"निर्धार शिजतो का? सेनापती, वेढा म्हणजे लढाई नव्हे. वेढा म्हणजे स्वयंपाक. प्लाटियाच्या लोकांनी बायकापोरं, म्हातारे सगळे बाहेर पाठवले. चार-पाचशे गडी आत ठेवले आणि त्यांच्या भाकरीसाठी शंभरावर बायका. हे ज्याला कळलं त्याला वेढा कळला."

"म्हणजे तिथंही बायकांनी भाकऱ्याच थापायच्या," मी म्हणाले.

या बाजूनं सरांनी कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांचं वाचन, आणि त्या बायकांचा विचार कधी केला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून घरातला सकाळचा चहा सर करायला लागले. माझ्या चळवळीच्या आयुष्यातला हा एकमेव निर्विवाद विजय. चहा मात्र पिण्यासारखा नसायचा. काकूंनी मला त्याबद्दल बरेच दिवस माफ केलं नाही.

जाता जाता सरांनी आणखी एक विचारलं होतं. "चैत्रात वेढा घालतात व्हय कुणी?"

ते मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण जुन्या पिढीचं म्हणून सोडून दिलं.

ठिय्या सुरू झाला. नगरपरिषदेच्या फाटकासमोर मंडप, सतरंज्या, भोंगा. पन्नासेक बायका आणि मी. घोषणा अशा चालल्या होत्या की समोरच्या झेरॉक्सवाल्यानं कानात कापूस घातला. वरच्या मजल्यावर मुख्याधिकारी खिडकीचा पडदा बाजूला करून बघायचे आणि पडदा पुन्हा सोडायचे. मला वाटायचं, घाबरले.

दुसऱ्या दिवशी सर छत्री घेऊन आले. मंडपात बसले नाहीत. इमारतीला एक फेरी मारली, थर मोजले, आणि माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "मागं दार आहे, सेनापती."

"असेल."

"तिकडनं चहा चाललाय, वडे चाललेत, टँकर चाललाय. आत्ता एक नगरसेवक स्कूटरवरनं आत गेला. लग्नघरासारखी ये-जा आहे. तुमचा वेढा पुढूनच आहे फक्त. आतल्यांना अजून कळलंही नसेल."

मी लगेच चार बायका मागच्या दाराला बसवल्या. त्यांनी पहिल्या दिवशी वडे अडवले. दुसऱ्या दिवशी वडेवाला रडकुंडीला आला म्हणून त्याचेच वडे विकत घेऊन खाल्ले.

पुढून वेगळीच पंचाईत. बायकांनी मंडपामागं दगडांच्या चुली मांडल्या होत्या. हौसाक्का पिठलं करायची. त्या पिठल्याचा वास वरच्या मजल्यापर्यंत जायचा. वडे बंद झाल्यावर आतले कर्मचारी दुपारी एकेक करून खाली यायला लागले. आधी उभ्याउभ्या बोलायचे, मग मांडी घालायचे. एका क्लार्कनं तर घरून स्वतःची ताटली आणली.

मी हौसाक्काला बाजूला घेतलं. "अगं, आपण यांना वेढा घातलाय. तू जेवायला घालतीस?"

"भुकेला मानूस म्होरं आला तर न्हाई म्हनायची रीत न्हाई आमच्यात. तू घाल की वेढा. मी कुठं नगं म्हनती?"

सरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ आठवत बसले. असं कुठल्याच वेढ्यात झालेलं नाही, असं त्यांनी शेवटी कबूल केलं.

आणि मग जत्रा लागल्या.

आमच्या भागात चैत्र लागला की प्रत्येक गावाची जत्रा. एकाच दिवशी असत्या तर एक दिवस मंडप रिकामा राहिला असता. पण आज या गावची पालखी, उद्या त्या गावचा छबिना, परवा तिसऱ्या गावच्या कुस्त्या. आणि पहिला दिवस गोड्या नैवेद्याचा, दुसरा खाऱ्या. खाऱ्या दिवशी बोकड पडतं, पै-पाहुणे येतात, घरोघरी रश्शाची पातेली चढतात. माणूस सीमेवरून रजा काढून येतो, विट्याची माणसं कुठल्या कुठल्या शहरातली सोन्याची दुकानं बंद करून येतात. तिथं नगरपरिषदेचं फाटक सोडून यायला काय लागतं? रोज सकाळी एकेक गाव मंडपातून उठायला लागलं.

मी पत्रक काढलं: जत्रा नंतर, आधी बाजार. बायकांनी ते नीट घडी करून पोलक्यात ठेवलं आणि गेल्या.

सरांकडं तक्रार घेऊन गेले. म्हटलं, लोकांची जाणीव कमी पडते. सर म्हणाले, "सगळे वेढे असेच होते. वेढा घालणारे म्हणजे शेतकरीच. स्पार्टाचे लोक एवढे कडवे, पण सुगी आली की वेढा सोडून घरी. देवाचा सण आला की मोहीमच थांबवायचे. सिराक्यूज शहर पडलं ते आतल्यांनी देवीची जत्रा केली म्हणून. पिऊन पडले होते सगळे, रोमन शिड्या लावून वर आले. वेढ्याचं वेळापत्रक देव ठरवतो. तुम्ही पंचांग न बघता बसलात."

"आम्ही पंचांग मानत नाही."

"मानू नका. बघा तरी."

शेवटी हौसाक्काच्या गावाची पाळी आली. मला वाटलं, ही राहील. हिचीच तर जागा जातेय. ती पाटी उचलत म्हणाली, "लेकी येनार हायत माझ्या. दोघी बी. घरात मी न्हाई म्हटल्यावर चूल कोण पेटवंल? मी परवाच्याला येती. तवर तू हाईस की."

मी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. आमच्याही गावाची जत्रा, आणि खारा दिवस. मी तिला चळवळीची परिस्थिती समजावून सांगितली. ती म्हणाली, "बरं. मग तुझ्या वाटणीचं मामाला देते."

मी गेले. जनजागृतीसाठी गेले असं मी संघटनेला कळवलं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या चुलत्याला मी मैदानाचा प्रश्न समजावून सांगत होते. त्यानं ऐकून घेतलं आणि वाढप्याला हाक मारली, "हिला सुकं वाढ रं. लय बोलतीया, उपाशी दिसतीया."

मागं काय झालं ते मला काकूंनी सांगितलं.

सर सकाळी फिरायला गेले ते मंडप रिकामा बघून तसेच पळत घरी आले. म्हणजे त्यांच्या मानानं पळत. "अहो, शेणी घ्या," म्हणाले. काकूंनी विचारलं, एवढ्या गोवऱ्या कशाला? "वेढा उठलाय. आतल्यांना कळता कामा नये."

जुन्या काळी सैन्य माघारी निघालं की छावणीतल्या शेकोट्या तशाच पेटत्या ठेवायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणसं आहेत. सरांनी मंडपामागच्या सगळ्या चुली पेटवल्या. पेटवल्या म्हणजे काकूंना पेटवायला लावल्या. सरांना काडी ओढताना वारा कुठल्या बाजूचा हे कळायचं नाही. काकू एका चुलीवरून दुसरीकडं, दुसरीवरून तिसरीकडं. सर छत्री उघडून मंडपात एकटे बसले आणि मधूनमधून भोंग्यात खोकले.

"घोषणा काय देऊ म्हणून मला विचारत होते," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, पाढे म्हणा. मग म्हटले. लांबून काय, सारखंच ऐकू येतंय."

धूर वर गेला, पडदा हलला, पडदा पुन्हा पडला. दुपारपर्यंत वेढा उत्तम चालला. काकूंच्या मते मी होते तेव्हापेक्षा बरा.

मग ताटलीवाला क्लार्क जेवायला आला. त्यानं मंडपामागं जाऊन बघितलं. चुली पेटलेल्या, चुलीवर काहीच नाही, आणि धुरानं डोळे लाल झालेल्या काकू. तो ताटली घेऊन वर गेला आणि थोड्या वेळानं मुख्याधिकारी खाली उतरले. सोबत मुकादम आणि दोन माणसं. मंडप उपटायलाच आले होते.

"कुठं गेली सगळी?" साहेबांनी विचारलं. साहेब नवे, बाहेरच्या जिल्ह्यातले.

सर उठले नाहीत. म्हणाले, "जत्रेला गेलीत. माणसं आणायला. या दिवसांत एकेका गावात अख्खा पै-पाहुणा गोळा होतो, साहेब. सैन्यातली पोरं रजेवर आलेली असतात. आत्तापर्यंत पन्नासच बायका होत्या, म्हणून तुमच्यापर्यंत नुसता आवाज आला. परवा काय होईल ते मी सांगू शकत नाही. मला स्वतःला काळजी वाटतेय."

साहेबांना बिचाऱ्यांना हे कोण सांगणार, की खाऱ्या दिवसानंतर आमच्या भागातला माणूस दोन दिवस उताणा पडलेला असतो. मुकादमाला माहीत होतं. तो इथलाच. पण त्याच्या गावची जत्रा दुसऱ्या दिवशी होती आणि त्यालाही सुट्टी पाहिजे होती. त्यानं सरांच्या बोलण्याला मान डोलावली.

तिथल्या तिथं तह झाला. दुपारी बारापर्यंत मैदानावर बाजार. बारानंतर मोटारी. हायवेपलीकडं कुणी जायचं नाही. साहेबांनी लिहून दिलं, सरांनी घेतलं.

मी संध्याकाळच्या एसटीनं उतरले तर मंडपवाला बांबू ट्रॉलीत भरत होता. तहाचं त्यानंच सांगितलं. मी तशीच सरांच्या दारात.

"बोलणी करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"जो मैदानात असतो त्याला असतो."

"लढा विकलात तुम्ही. मी असते तर—"

"सेनापती, हाताला रश्शाचा वास येतोय."

मी हात पाठीमागं घेतला, पण थांबले नाही. "बारापर्यंत? आणि बांगडीवाली? सुक्या मासळीवाल्या? त्या उन्हं कलल्यावरच येतात. कामावरून सुटलेली माणसं तेव्हाच येतात. खरा बाजार भरतोच तेव्हा. त्यांचं काय?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांना हे माहीत नव्हतं. बाजार काकू करायच्या. कार्थेजच्या बाजारपेठेत रोमन कुठल्या बाजूनं घुसले हे ते झोपेतही सांगू शकले असते. आपल्या गावचा बाजार किती वाजता भरतो हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. ते तसेच आत गेले.

मी तहाच्या धिक्काराचं पत्रक काढलं आणि ते त्यांच्या दाराखालून सरकवलं. माझा जिना त्यांच्याच दारावरून जात असल्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समोरासमोर आलो. चहा मिळाला. ते पत्रक चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

हौसाक्का परत आली ती जत्रेचा खाऊ घेऊन. तिची जागा राहिली होती. मेथी सकाळीच खपते, तिला बारा वाजता उठायला काही वाटलं नसतं. पण लिंबाच्या पलीकडची बांगडीवाली पेटीवर बसून रडली, तेव्हा हौसाक्कानं मला विचारलं, "हे कुनी ठरवलं गं?" मी उत्तर द्यायच्या आतच कुणीतरी सरांचं नाव सांगितलं.

सर दुसऱ्या दिवशी बाजारात आले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही हातात पिशवी न घेता. माफी मागायलाच आले होते, पण हौसाक्कानं वर बघितल्यावर त्यांचं धैर्य सुटलं आणि तोंडातून निघालं, "मेथी कशी?"

तिनं भाव सांगितला. आता काय करायचं हे सरांना माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी विचारलं, मेथीच्या पेंडीत काड्या किती असतात? पेरून किती दिवसांनी निघते? पाणी विहिरीचं का कॅनॉलचं? मुळं का ठेवता? एवढ्या पेंड्यांवर किती माणसं किती दिवस जगतील? हौसाक्का फुरंगटलेली होती, पण गिऱ्हाइकाला उत्तर द्यायलाच लागतं. बारा वाजले. मुकादम शिट्टी वाजवत आला. बाकीच्या बायका गोणपाट झटकायला लागल्या. हौसाक्कापाशी येऊन तो थांबला.

"आक्का, उठा आता."

"गिऱ्हाईक उभं हाय," हौसाक्का म्हणाली.

मुकादम थांबला. आमच्याकडं गिऱ्हाईक समोर उभं असताना पाटी उचलत नाहीत. उचलली तर त्या जागेची बरकत जाते. विकणारी उचलत नाही आणि दुसरा कुणी तिला उठवत नाही. मुकादमाची आईसुद्धा बाजारात बसून गेलेली. तो झाडाला टेकून उभा राहिला. सर पुढं विचारत राहिले, बी कुठलं? कीड पडते का? त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मुकादम चुळबुळ करत राहिला. आणि मोटारी मैदानाबाहेर हॉर्न वाजवत उभ्या, कारण मधोमध हौसाक्काची पाटी.

गोणपाट झटकणाऱ्या बायकांनी हे बघितलं. त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बारा वाजायला आले तसं प्रत्येक पाटीपुढं कुणी ना कुणी येऊन उभं राहिलं. काकूंचं भजनी मंडळ आलं. कॉलेजच्या मुली आल्या. ताटलीवाला क्लार्क जेवणाच्या सुट्टीत आला आणि त्यानं एका काकडीवरून सव्वा तास काढला. संघटनेचे आम्ही सगळे कार्यकर्ते गिऱ्हाईक झालो. साहेबांनी वरच्या खिडकीतून हाक मारून विचारलं, "काय चाललंय तिथं?" मुकादम म्हणाला, "भाव चाललाय, साहेब."

मला हौसाक्कापुढं उभं केलं, कारण सरांना जेवायला जायचं होतं. त्यांना साखरेचं दुखणं होतं, वेळ चुकवून चालायचं नाही. त्यांनी मला दोन शब्द सांगितले, "घासाघीस करा. लांबवा," आणि छत्री उघडली.

मी कधी घासाघीस केली नव्हती. करू शकतच नव्हते. कष्टकरी बाईच्या घामाचा भाव पाडून मागायचा? माझ्या तीन पत्रकांत त्याचा निषेध होता. हौसाक्का भाव सांगून बसली. मुकादम माझ्याकडं बघायला लागला.

"अगं बोल की," हौसाक्का दबक्या आवाजात म्हणाली. "कमी कर म्हन."

"कसं म्हणू? तुला परवडतच नाही त्या भावात. खतं, एसटीचं भाडं, तुझी मजुरी कुठंय त्यात?"

"मग घे आन् जा."

"घेऊन गेले तर संपलं ना." मग एकदम सुचलं ते एवढंच, "मी पाच रुपये जास्त देणार. त्यापेक्षा कमी देणार नाही."

हौसाक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी तिच्या पाटीवर थुंकलेय. "मी भीक मागती व्हय? सांगितला त्यो भाव. वर एक पैसा न्हाई घेनार."

"तुझा हक्क आहे तो."

"हक्क ग्येला खड्ड्यात. सगळा बाजार बघतोय. लोकं म्हनतील, हौसीनं पोरीला लुटली."

"सात जास्त."

"उठ हितनं."

मुकादम गोंधळला. त्यानं सरांना विचारलं, "सर, हे धरायचं का भावात?" सर चार पावलं गेले होते, ते थांबले. वळून नीट विचार केला. "दोघी अडून आहेत," ते म्हणाले. "म्हणजे चालू आहे. मी जेवून येतो. सेनापती, तोवर तुटू देऊ नका."

मुकादम लिंबाखाली बसला आणि त्यानं शिट्टी खिशात टाकली. असं करता करता उन्हं कलायला लागली. पलीकडं बांगडीवालीनं पेटी उघडली, तिच्या मागून सुक्या मासळीचा वास आला, आणि कामावरून सुटलेली माणसं मोटारींच्या मधून वाट काढत मैदानात यायला लागली.

"दहा जास्त," मी हौसाक्काला म्हणाले. "शेवटचं सांगते. घे."

"मरंन," ती म्हणाली, "पर घेनार न्हाई."